मापाचे माप कोणाच्या हाती?

भाजीवाल्याच्या तागडीतील किलोचे वजन खरे की खोटे, हे दुसऱ्या वजनाशी ताडून पाहता येते. ते दुसरे तिसऱ्याशी, तिसरे चौथ्याशी. या साखळीच्या अखेरच्या टोकाला काय असते? १८८९ ते २०१९ या काळात या प्रश्नाचे उत्तर एकच होते : पॅरिसजवळच्या सेव्र येथे तिजोरीत जपून ठेवलेला, प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक दंडगोल. त्याची उंची आणि व्यास प्रत्येकी सुमारे ३९ मिलिमीटर. जगातील प्रत्येक किलो म्हणजे या एका वस्तूची कमी-अधिक अचूक नक्कल होती.

मापांचा प्रश्न मुळात सत्तेचा प्रश्न होता. राज्यक्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये गावोगावी मापे निराळी असत आणि धान्य मोजून घेण्याचे माप अनेकदा जमीनदाराच्या ताब्यात असे. १७८९ मध्ये राजापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यांत सर्वांना एकच माप हवे, ही मागणी वारंवार आढळते. ‘मापात पाप’ टाळायचे, तर माप कोणा एकाच्या हाती असून चालणार नाही, ही जाणीव त्यामागे होती.

म्हणून क्रांतीनंतर शास्त्रज्ञांनी निसर्गाचाच आधार घेतला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असे ठरले. त्यासाठी डलाम्ब्र आणि मेशँ या दोघांनी १७९२ ते १७९८ या काळात डंकर्क ते बार्सिलोना या पट्ट्याची मोजणी केली. एक घनडेसिमीटर पाण्याचे वस्तुमान तो किलोग्रॅम ठरला. परंतु पृथ्वीच्या चपटेपणाचा हिशेब थोडा चुकला आणि मीटर सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड भरला. पुढे तीच लांबी कायम ठेवण्यात आली. निसर्गातून घेतलेले माप अशा रीतीने पुन्हा धातूच्या पट्टीत आणि ठोकळ्यात येऊन बसले.

२० मे १८७५ रोजी १७ देशांनी पॅरिसमध्ये मीटर करारावर सह्या केल्या आणि ही प्रमाणे आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आली. भारत या करारात १९५७ मध्ये सहभागी झाला. त्याआधी १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली होती. प्रदेशागणिक बदलणारे शेर आणि मण १९५८ पासून टप्प्याटप्प्याने व्यवहारातून गेले. सराफ बाजारात तोळा हा शब्द टिकला, पण तो दहा ग्रॅमचा होऊन. सेव्रच्या ठोकळ्याची ५७ क्रमांकाची प्रतिकृती नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आली. बाजारातल्या वजनावरील सरकारी शिक्क्यामागची साखळी या प्रतिकृतीपर्यंत आणि तेथून सेव्रपर्यंत पोहोचत असे.

वस्तूला प्रमाण मानण्यातील अडचण उघड होण्यास शंभर वर्षे लागली. १९८८ ते १९९२ या काळात झालेल्या पडताळणीत मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रतिकृती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले. हा फरक भाजीबाजारात कोणाला जाणवणार नाही. पेच तात्त्विक होता. मूळ ठोकळा हलका झाला, असे म्हणण्याची सोयच नव्हती, कारण व्याख्येनुसार तो सदैव बरोबर एक किलोच होता! त्याचे वस्तुमान घटले असते, तर साऱ्या विश्वाचे वजन वाढले, असे मानावे लागले असते.

अन्य एककांनी ही वाट आधीच सोडली होती. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर बेतण्यात आली. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावर आधारला गेला. उरला तो किलोग्रॅम. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथे सदस्य देशांनी मतदान केले आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकाशी जोडला गेला. या स्थिरांकाचे मूल्य आता कायमचे निश्चित आहे. किबल तुलेत वस्तूचे वजन चुंबकीय क्षेत्रातील वेटोळ्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या बलाने तोलले जाते. या विद्युत राशी प्लँकच्या स्थिरांकाच्या आधारे अतिशय अचूक मोजता येत असल्याने त्यांवरून वस्तुमान काढता येते.

या बदलाने भाजीचा भाव किंवा वजन तसूभरही बदलले नाही आणि तोच त्याचा हेतू होता. बदलली ती मालकी. पूर्वी खऱ्या किलोसाठी एका तिजोरीचे दार ठोठावावे लागे. आता योग्य साधने आणि कौशल्य असलेली कोणतीही प्रयोगशाळा तो स्वतः सिद्ध करू शकते. जमीनदाराच्या मापाविरुद्ध गाऱ्हाणे मांडणाऱ्या शेतकऱ्यांची अपेक्षा याहून निराळी नव्हती : माप असे असावे, की ते कोणाच्याच मुठीत राहू नये.