कोळ्यातील सहजीवी जिवाणू : डीएनए चाचणी आणि तिचा अर्थ

भातखाचरात चुडांच्या बुंध्याशी धावून तपकिरी तुडतुडे टिपणारा लांडगा कोळी शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. अनेक जातींच्या कोळ्यांच्या शरीरात, विशेषतः अंडाशयात, सहजीवी जिवाणू राहतात. वोल्बाकिया, रिकेट्सिया, कार्डिनियम आणि स्पायरोप्लाझ्मा हे त्यांतील प्रमुख होत. ते मुख्यतः मादीकडून अंड्यांवाटे पुढील पिढीत जातात. हर्टिग आणि वोल्बाख यांनी १९२४ मध्ये वोल्बाकिया प्रथम डासांत नोंदवला.

हे जिवाणू यजमानाचे वर्तन व प्रजनन बदलू शकतात. युरोपातील एरिगोनी अट्रा या कोळ्याच्या रिकेट्सियाबाधित माद्या धाग्यावर तरंगत दूर जाण्यास कमी प्रवृत्त होतात, असे २००९ मध्ये दिसून आले. काही कोळ्यांत वोल्बाकियामुळे संततीत माद्यांचे प्रमाण वाढते. भक्षक शेतात किती पसरतील व वाढतील, हे अशा बाबींवरही अवलंबून असते.

चाचणी कशी होते?

नेहमीच्या पोषक माध्यमावर यांतील बहुतेक जिवाणू वाढत नाहीत. म्हणून डीएनएचा आधार घ्यावा लागतो. मित्रकीटकांवर संशोधन करणारा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो बेंगळूरु येथे आहे. त्या परिसरातील शेतातून पकडलेला कोळी अशा प्रयोगशाळेत तपासायचा, तर प्रथम त्याची जात निश्चित करतात आणि बाह्य पृष्ठभाग अल्कोहोलने स्वच्छ करतात. मग ऊतीतून डीएनए काढून पीसीआर यंत्रात जिवाणूचे विशिष्ट जनुक, उदाहरणार्थ वोल्बाकियाचे डब्ल्यूएसपी, अनेक पटींनी वाढवतात. जेलवर अपेक्षित लांबीचा पट्टा दिसला, तर त्याचा क्रम वाचून खात्री करतात. सोबत डीएनए नसलेला नमुना आणि खात्रीने बाधित नमुनाही चालवतात. कोळ्याचे स्वतःचे जनुकही वाढवून पाहतात. तेही न वाढल्यास डीएनए खराब झाला असे समजावे. जिवाणू नाही, असा निष्कर्ष काढू नये.

भक्ष्याचा धोका

कोळी हा भक्षक असल्याने खरी अडचण येथे उद्भवते. पोटात नुकताच पचत असलेला तुडतुडा किंवा मावा स्वतः बाधित असेल, तर त्याच्या जिवाणूचा डीएनए कोळ्याचाच भासतो. म्हणून कोळ्यास काही दिवस उपाशी ठेवतात किंवा पायाचा टोकाकडील भाग तपासतात. मात्र पायात जिवाणू कमी असल्यास खरा संसर्गही निसटू शकतो. त्यामुळे अंडी व पिल्ले यांची तपासणी अधिक निर्णायक ठरते. मातेतील जिवाणू संततीतही आढळला, तर तो भक्ष्यातून आला नसून वारशाने मिळाला, या निष्कर्षास बळ मिळते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

नमुना फॉर्मेलिनमध्ये ठेवू नये. त्याने डीएनए खराब होतो. ९५ टक्के किंवा अधिक शुद्ध अल्कोहोल वापरावे आणि नमुना थंड जागी ठेवावा. प्रत्येक कोळ्यासाठी वेगळी कुपी घ्यावी. तिच्यावर गाव, पीक, दिनांक, नर-मादी आणि आधीच्या फवारणीची नोंद करावी. एका कोळ्याच्या होकारात्मक निकालावरून संपूर्ण परिसराविषयी निष्कर्ष काढू नये.