डीपीकेजीची खतावणी

2022 च्या मे महिन्यातली दुपार. आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालांचा फोन आला. त्यांना सगळा गाव काकाच म्हणतो.

"अरे, अपडेट चालू होतं आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी तर केव्हाच बसलीय. आता मशीन चालू झालंय, पण काहीच इन्स्टॉल होईना. सगळं पुसून नव्याने टाकू का?"

"काका, काही पुसू नका. पडद्यावर काय आलंय तेवढं वाचून दाखवा."

त्यांनी एकेक शब्द सावकाश वाचला. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या डीपीकेजी या यंत्राचं काम मध्येच तुटलं आहे, आणि ते पुढे न्यायचं तर अमुक कमांड हाताने द्या, असा तो निरोप होता. कमांडही तिथेच छापलेली होती: सुडो डीपीकेजी, दोन आडव्या रेघा, कॉन्फिगर, मग एक रेघ आणि ए. काम कुठे अडलं आणि तिथून पुढे कसं जायचं, हे दोन्ही स्वतःहून सांगणारी यंत्रं मी फार पाहिलेली नाहीत. डीपीकेजीबद्दल मला इतकी आपुलकी वाटते ती यामुळेच.

ग्रंथालयाचं मशीन डेबियनवर चालतं. पुस्तकांची सूची आणि देवघेव कोहा या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यामुळे मशीन अडलं की सभासदांची रांग अडते.

डेबियन हा प्रकल्प इयन मर्डॉक या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने 16 ऑगस्ट 1993 रोजी जाहीर केला. त्याची तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः इयन, या दोघांच्या नावांतून 'डेबियन' तयार झालं. तोवर युनिक्सवर सॉफ्टवेअर बसवणं म्हणजे सोर्स कोड आणायचा, तो कंपाइल करायचा आणि तयार फाइली जागोजागी नेऊन ठेवायच्या. कोणती फाइल कुणाची, याची नोंद सहसा नसे. काढून टाकायची वेळ आली की माणूस हात टेकायचा. ही नोंद ठेवणारं यंत्र म्हणजे डीपीकेजी. आधी ते साध्या स्क्रिप्टच्या रूपात होतं. 1994 मध्ये इयन जॅक्सन यांनी त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने लिहिला. उबुंटू आणि रास्पबेरी पाय ओएस आजही त्याच पायावर उभ्या आहेत.

एखादं पॅकेज उघडून पाहण्यासारखं असतं. लोहित हा देवनागरीचा मुक्त फॉन्ट घ्या. त्याचं 'डेब' पॅकेज म्हणजे तीन पुडांचा डबा. पहिल्या पुडात एक इवलीशी फाइल, तिच्यात फक्त '2.0' लिहिलेलं, म्हणजे डब्याच्या घडणीची आवृत्ती. दुसऱ्यात पॅकेजचं नाव, आवृत्ती, त्याला आणखी कोणती पॅकेजं लागतात याची यादी आणि बसवण्याच्या आधी-नंतर चालवायच्या छोट्या स्क्रिप्टा. तिसऱ्यात प्रत्यक्ष माल, म्हणजे फॉन्टची फाइल आणि सोबतचे कागद.

डबा उघडताना डीपीकेजी जुन्या फाइलीवर थेट लिहीत नाही. नवी फाइल शेजारी तात्पुरत्या नावाने ठेवतं, ती डिस्कवर पक्की उतरली की नाव बदलून जुनीच्या जागी आणतं. युनिक्समध्ये हे नाव बदलणं एका झटक्यात होतं. ऐन त्या क्षणी लाइट गेली तरी फाइल एक तर पूर्ण जुनी सापडते, नाही तर पूर्ण नवी.

प्रत्येक पायरीनंतर नोंद होते. 'व्हार'मधल्या 'लिब'मध्ये डीपीकेजीचं फोल्डर असतं आणि त्यात 'स्टेटस' नावाची साधी मजकूर फाइल. ही खतावणी. प्रत्येक पॅकेजचं खातं आणि त्याची आजची स्थिती तिच्यात असते: नुसतं उघडलेलं, मांडणी अर्धवट राहिलेलं किंवा पूर्ण बसलेलं. 'व्हार'मधल्याच 'लॉग'मध्ये 'डीपीकेजी डॉट लॉग' असते, ती रोजकीर्द. कोणत्या सेकंदाला काय झालं, ते तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. खतावणीची जुनी प्रत शेजारीच असते, आणि आणखी काही प्रती 'व्हार'मधल्या 'बॅकअप्स'मध्ये. पेढीवरच्या मुनिमाइतकी काळजी या रचनेत आहे.

काकांनी कमांड दिली. दोन मिनिटं गेली. मग निराश आवाज आला, "एरर कोड 1 म्हणतंय."

ही शेवटची ओळ मी शेकडो वेळा ऐकली आहे. लोक तीच सांगतात, तीच शोधतात आणि भलत्या उपायांच्या मागे लागतात. तिचा अर्थ एवढाच, की डीपीकेजीने हाती घेतलेलं काम पुरं झालं नाही. खरं कारण दहा-वीस ओळी वर असतं. पॅकेज अपडेटची बिघाडदुरुस्ती शिकायची तर एवढी एक सवय लावून घ्यावी: शेवटची ओळ सोडायची आणि पहिली चूक सापडेपर्यंत वर सरकायचं.

"काका, वर जात राहा. 'एरर' किंवा 'फेल्ड' हा शब्द पहिल्यांदा कुठे दिसतो?"

"इथे लिहिलंय, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस."

जागा संपली होती, पण सगळ्या डिस्कवरची नव्हे. मशीन बसवताना कुणीतरी 'बूट'साठी जेमतेम 236 एमबीचं वेगळं पार्टिशन केलं होतं. नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आला की तो तिथे उतरतो आणि सोबत सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएस ही फाइलही तयार होते. जुने कर्नल मात्र तिथेच राहिले होते. चौथ्याची फाइल तयार होताना पार्टिशन भरलं आणि मांडणी अडली. लाइट गेल्यामुळे त्यावर आणखी एक गाठ बसली, एवढंच.

आधी चालू कर्नल कोणता ते बघितलं, म्हणजे तोच हातून जायला नको. मग सगळ्यात जुना कर्नल थेट डीपीकेजीकडून काढला आणि काकांनी तीच पहिली कमांड पुन्हा दिली. यंत्राने खतावणी उघडली, अर्धवट खाती शोधली आणि एकेक पुरं करत नेलं.

डीपीकेजीला समोर ठेवलेला डबा बसवता येतो, पण कुठून काय आणायचं आणि कशासोबत काय लागतं, हे ॲप्ट ठरवतं. ते 1999 च्या डेबियन 2.1 मध्ये आलं. 1996 च्या डेबियन 1.1 मध्ये 474 पॅकेजं होती. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये 69,830 आहेत. प्रत्येकाच्या अटी असतात: हे हवं, त्याची अमुकनंतरची आवृत्ती हवी, हे किंवा ते चालेल, तमक्याशी जमणार नाही. या सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारा संच शोधणं हे गणिताच्या दृष्टीने अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडतं, हे सिद्ध झालेलं आहे. रोज सकाळी लाखो मशीनवर तो काही सेकंदांत सुटतो, यामागे पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांची शिस्त आहे. एका आवृत्तीतली पॅकेजं एकमेकांशी जुळतील, हे ते आधीच बघून ठेवतात.

म्हणून 'अटी पुऱ्या होत नाहीत' किंवा 'मोडकी पॅकेजं अडवून ठेवली आहेत' असा निरोप आला की मी आधी 'सोर्सेस'ची यादी उघडतो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तिथे पाहुणा सापडतो: कधीकाळी एका प्रोग्रॅमसाठी जोडलेली बाहेरची रिपॉझिटरी, किंवा डेबियन 11 च्या मशीनवर 12 ची एखादी ओळ. 'ॲप्ट पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की कोणती आवृत्ती कुठून येते आहे ते दिसतं, आणि गुंता तिथेच उलगडू लागतो. 'फोर्स' लावून हा गुंता तोडू नये, असं मी कळकळीने सांगेन. अट तोडली तरी ती खतावणीत लिहिलेली राहते आणि पुढच्या प्रत्येक अपडेटला आडवी येते.

लॉकच्या फाइलीचंही तसंच. 'लॉक मिळालं नाही' असं दिसलं की ती फाइल उडवून देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. कुलूप त्या फाइलीच्या असण्यात नसतं, ते कर्नलने चालू प्रोसेसच्या नावे लावलेलं असतं. फाइल उडवली तर दुसरी प्रोसेस नवी फाइल करून आत शिरते आणि एका खतावणीवर दोन हात लिहू लागतात. बहुतेकदा मागे आपोआप चालणारं सुरक्षा अपडेट असतं. चहा घेऊन यावं, तोवर ते उरकतं.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. 404 आलं तर यादी शिळी झालेली असते, 'ॲप्ट अपडेट' करावं. 'रिलीज फाइल अजून लागू झालेली नाही' असं आलं तर मशीनचं घड्याळ बघावं. जुन्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली की तारीख मागे जाते, आणि मशीनच्या हिशेबी ती सही केलेली यादी उद्याची ठरते. सेटिंगची फाइल तुमची ठेवू की नवी घेऊ, असा प्रश्न आला तर घाईने एंटर दाबू नये. 'डी' दाबलं की दोन्हींतला फरक दिसतो. कोहाचा डेटाबेस ज्या सेटिंगवर चालतो, तिथे हे अर्धं मिनिट द्यायलाच हवं.

पुढच्या रविवारी मी ग्रंथालयात गेलो. काकांनी आवक-जावक रजिस्टरच्या मागच्या पानावर त्या दिवशीच्या कमांड देवनागरीत उतरवून ठेवल्या होत्या, 'जागा सोडणे' अशा सूचनांसकट. मी रोजकीर्द उघडून त्यांना त्या दुपारच्या नोंदी दाखवल्या. एका ओळीत इनिटरॅमएफएसच्या पॅकेजपुढे 'हाफ कॉन्फिगर्ड', वेळ पावणेदोनची. लाइट जाण्याआधीची ती शेवटची नोंद. मग मधल्या, आमच्या खटपटीच्या काही ओळी. आणि साडेचारला त्याच पॅकेजपुढे 'इन्स्टॉल्ड'. काकांनी चष्मा वर करून दोन्ही वेळा पुन्हा वाचल्या आणि पेन्सिलीने रजिस्टरात लिहून घेतल्या.