घरातील दमटपणा आणि तो हरण करणारे यंत्र

जबलपूरच्या रहिवाशास एकाच वर्षात दोन अगदी भिन्न हवामानांत राहावे लागते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, दुपारच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि खिडकीत बसविलेला वाळ्याचा कूलर हा घरातील सर्वांत मोलाचा जिन्नस ठरतो. जूनच्या उत्तरार्धात पाऊस सुरू झाला की सारे पालटते. वर्षाकाठच्या सुमारे १३०० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक भाग सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो. या अवधीत कपाटातील रेशमी वस्त्रांस कुबट वास येतो, चामड्याच्या वहाणांवर बुरशी धरते, तबल्याची पुडी सैल पडते आणि मिठाच्या बरणीत खडे होतात. दम्याच्या रोग्याची स्थिती याहून कठीण असते, कारण बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे आत गेल्याने त्याचा विकार बळावतो. त्याच्या दृष्टीने घरातील ओल ही केवळ गैरसोयीची बाब नव्हे.

या त्रासात कित्येक घरे स्वतःच भर घालतात. पावसाळ्यातही पुष्कळ ठिकाणी कूलर पाण्यासह चालू असतो. कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाण्याची वाफ मिसळून. मे महिन्यातील कोरड्या हवेस ही वाफ सामावून घेता येते. जुलैतील हवा आधीच जवळजवळ तृप्त असल्यामुळे गारवा मिळत नाही, ओल मात्र वाढते. यास्तव पावसाळा लागताच कूलरचे पाणी बंद करून त्याचा पंखाच तेवढा वापरावा, हा दमटपणावरील पहिला आणि बिनखर्चाचा उपाय होय.

हवेत बाष्प किती राहू शकते हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावते. प्रत्यक्षात तीत २३ ग्रॅम असेल तर सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के झाली. हीच हवा २५ अंशांपर्यंत निववली की ती संपृक्त होते व त्याखाली बाष्पाचे पाणी होऊ लागते. या तापमानास दवबिंदू म्हणतात. बुरशीची वाढ सामान्यतः ७० टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत जोमाने होते. म्हणून खोलीतील आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे पुरेसे आहे. याहून फार खाली जाणे व्यर्थ खर्चाचे असून ४० टक्क्यांखाली लाकडी वस्तूंस तडे जाण्याचा संभव असतो.

कपडे वाळविण्यासाठी पूर्वी खोलीत शेगडी ठेवीत असत. त्यात तथ्य होते. वरील हवा २८ वरून ३२ अंशांपर्यंत तापविली तर तीतील बाष्प तितकेच राहूनही सापेक्ष आर्द्रता ८५ वरून सुमारे ६८ टक्क्यांवर येते. परंतु शेगडी निवताच ओल परत येते, आणि बंद खोलीतील जळत्या कोळशापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक असतो. त्याला वास नसल्यामुळे निजलेल्या माणसास धोक्याची चाहूलही लागत नाही. ही रीत आता सोडून देणेच योग्य.

आर्द्रताहारक यंत्र, म्हणजे बाजारातील डीह्युमिडिफायर, हवेतून पाणी खरोखरच काढून घेते. हवेतील आर्द्रतेवर यांत्रिक नियंत्रण ठेवण्याचा मार्ग विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आखून दिला. तेथे दमट हवेने कागद फुगत असल्यामुळे एकावर एक छापले जाणारे रंग जुळत नव्हते. आजचे घरगुती यंत्र हे मूलतः उघडे शीतकपाटच होय. पंखा खोलीतील हवा थंड नळ्यांवरून ओढतो, नळ्यांचे तापमान दवबिंदूहून कमी असल्याने बाष्पाचे थेंब होऊन खालच्या टाकीत पडतात, आणि कोरडी झालेली हवा पाठीमागच्या उष्ण नळ्यांवरून बाहेर सोडली जाते. टाकी भरली की तरंगता खटका यंत्र बंद करतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल की हे यंत्र खोली थंड करीत नाही, उलट ती तापविते. एक लिटर पाणी साकळताना जी सुप्त उष्णता मोकळी होते ती सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी असते. ताशी अर्धा लिटर पाणी काढणारे २५० वॅटचे यंत्र खोलीत जवळजवळ ६०० वॅटच्या हीटरइतकी उष्णता सोडते. थंडाव्याच्या आशेने यंत्र घेणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. ज्या घरी वातानुकूलक आहे तेथे तो पुष्कळ अंशी हेच काम करून उष्णता बाहेर टाकतो, तेव्हा त्या खोलीसाठी दुसरे यंत्र घेण्यापूर्वी विचार करावा.

यंत्र किती मोठे असावे? तीन मीटर रुंद, चार मीटर लांब व तीन मीटर उंच अशा खोलीत ३६ घनमीटर हवा असते. तिची आर्द्रता ८५ वरून ५५ टक्क्यांवर आणण्यासाठी प्रत्येक घनमीटरातून सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे एकंदर अवघे ३०० ग्रॅम पाणी काढावे लागते. एका तांब्यात मावेल इतकेच हे पाणी! खरे काम पुढेच असते, कारण फटींतून बाहेरची हवा सतत आत येत राहते. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीतील हवा दोन तासांत एकदा बदलते असे धरले तर दिवसाकाठी साडेतीन लिटर पाणी काढावे लागेल. खिडकी उघडी राहून हीच हवा तासाला पाच वेळा बदलू लागली तर हा आकडा ३५ लिटरांवर जातो व कोणतेही लहान यंत्र हतबल होते. शिवाय निजलेले माणूस श्वास व घाम यांवाटे ताशी ३० ते ५० ग्रॅम बाष्प सोडते, आणि खोलीतील दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यातून काही लिटर पाणी हवेत जाते.

यंत्रावर लिहिलेला लिटरांचा आकडाही नीट वाचून घ्यावा. पुष्कळ उत्पादक तो ३० अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता या अनुकूल स्थितीतला देतात. आर्द्रता ६० टक्क्यांपर्यंत उतरली की तेच यंत्र बरेच कमी, कित्येकदा निम्म्याच्या आसपास पाणी काढते. वर दिलेल्या खोलीसाठी १० ते १२ लिटरांचे यंत्र पुरावे. एका युनिट विजेत किती लिटर पाणी निघते हा आकडा मिळाल्यास तुलनेस तो सर्वांत उपयुक्त होय. तप्त शोषकद्रव्याचे फिरते चाक असलेली यंत्रे थंड प्रदेशात चांगली, परंतु ती वीज अधिक खातात व खोलीही अधिक तापवितात. मुठीएवढी, जवळजवळ निःशब्द अशी विद्युत्-शीतनाची यंत्रे दिवसाला काही शे मिलिलिटर पाणी काढतात. ती कपाटापुरती ठीक आहेत. जबलपूरच्या पावसाळी हवेस संपीडकाचे, म्हणजे कॉम्प्रेसरचे यंत्रच मानवते.

संपीडक आला की आवाज आला. ध्वनीचे माप डेसिबेलमध्ये देतात. हे माप साध्या मोजपट्टीसारखे नाही. दहा डेसिबेलच्या वाढीने ध्वनीची तीव्रता दहापट होते व कानास आवाज सुमारे दुप्पट वाटतो. साधे संभाषण ६० डेसिबेलच्या आसपास असते. निद्रेसाठी शयनगृहातील अखंड आवाज ३० डेसिबेलहून अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचविले होते. घरगुती यंत्रे बहुधा ३५ ते ५० डेसिबेलची असतात. सर्वांत शांत म्हणून विकले जाणारे यंत्रही या मर्यादेत बसेलच असे नाही. वेष्टनावरचा आकडा पुष्कळदा पंख्याच्या मंद गतीचा असतो आणि त्या गतीत पाणीही कमी निघते, हे विक्रेता क्वचितच सांगतो. तथापि आकड्याइतकेच आवाजाचे रूपही महत्त्वाचे असते. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा मोठा पण एकसारखा आवाज कित्येकांस झोप आणतो. संपीडक मध्येच थांबून पुन्हा धक्क्याने सुरू होतो तेव्हा मात्र तेच लोक जागे होतात. गती हळूहळू बदलणारा इन्व्हर्टर संपीडक या बाबतीत सरस ठरतो.

बराचसा आवाज यंत्राचा नसून ज्यावर ते ठेवले आहे त्या वस्तूचा असतो. लाकडी पेटीवर किंवा पोकळ कपाटाला टेकवून ठेवलेले यंत्र त्या वस्तूस ढोलासारखे घुमविते. ते सपाट फरशीवर जाड रबराच्या तुकड्यावर ठेवावे व भिंतीपासून वीतभर दूर असावे. यातही उत्तम युक्ती म्हणजे निजण्याच्या वेळी ते चालवूच नये. दुपारपासून रात्री नऊपर्यंत खोली बंद ठेवून आर्द्रता ५० टक्क्यांवर आणावी आणि मग यंत्र थांबवावे. भिंती, गाद्या व कपडे यांतील ओलही तोवर उतरलेली असल्याने बंद खोलीत आर्द्रता सावकाश चढते. २५० वॅटचे यंत्र आठ तास चालल्यास दोन युनिट वीज लागते. वीज जाऊन परत आली तर संपीडक सुरू करण्यापूर्वी तीन मिनिटे थांबावे.

आर्द्रतामापक खरा आहे की नाही हे मिठाने पाहता येते. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते चिखलाएवढे ओलसर करावे, आणि मापकासह घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवावे. बरणीतील हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवीत असेल तर त्याच्या आकड्यात पाच मिळवून घ्यावेत.

छत गळत असेल किंवा पायातून भिंतीत ओल चढत असेल, तर मात्र यंत्र घेण्याआधी गवंडी बोलवावा. भिंत जितके पाणी पुरविते तितके यंत्र उपसत राहील व विजेचे देयक तेवढे वाढेल.

टाकीतील पाणी पावसासारखे निर्मळ दिसले तरी ते धूळ व जंतू असलेल्या नळ्यांवरून आलेले असते. ते पिऊ नये. फरशी पुसण्यास चालेल. टाकी रोज रिती करून धुवावी, नाहीतर डेंग्यूचे डास तीत सुखाने अंडी घालतील. हवेची जाळी दर पंधरवड्यास झाडावी, कारण ती तुंबली की पाणी घटते आणि पंख्याचा आवाज वाढतो. ऑक्टोबरात कोरडी हवा आली म्हणजे टाकी उन्हात वाळवून यंत्र उभ्या स्थितीतच झाकून ठेवावे.