शूरांची सही : तारखेशिवाय नोंद नाही



लागणीच्या नोंदी घेत शिवारात हिंडताना आम्ही एका सभासदाच्या ओसरीवर जरा टेकलो. भिंतीवर फोटो होता, 1971 च्या युद्धात वीरचक्र मिळालेल्या एका अधिकाऱ्याचा. खाली शाईची सही. सभासदाचे वडील त्यांच्याच पलटणीत होते. पण फोटो उन्हाच्या तोंडाला; सहीची निम्मी अक्षरे उडालेली. ती कधी, कुठे दिली हे सांगणारे वडीलही आता नाहीत. मुलगा म्हणाला, "साहेब, शहरातला एक जण पैसे देऊन मागत होता. दिला नाही. पण ही खरी कशावरून, असं त्यानं विचारलं, तेव्हा काय सांगावं कळेना."

ही गोष्ट आमच्या मनाला लागली. ऊसनोंदीवर सही आहे, पण तारीख नाही, गट नंबर नाही, तर तोडणीच्या वेळी ती काय कामाची? शूराच्या सहीचेही तसेच आहे.

खरे-खोटे बऱ्याचदा तारखेवरूनच कळते. यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला. त्या पदकाचा उल्लेख करून केलेली त्यांची 'सही' कोणी विकायला आणली, तर ती बनावट हे पक्के समजावे. उलट संगमनेर तालुक्यातील निमजचे नामदेव जाधव. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतील सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून सुखरूप मागे आणले व व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते 1984 पर्यंत हयात होते. त्यांच्या हातची सही कुणाच्या ट्रंकेत असू शकते.

आजवरच्या 21 परमवीरचक्रांपैकी 14 मरणोत्तर आहेत. सही द्यायला माणूस मागे राहणे हेच दुर्मिळ!

म्हणून आमचे सांगणे एवढेच :

1. गावातील पदकविजेत्या जवानाकडे सही मागताना आधी निरोप द्या, घटकाभर बसा, हकीकत ऐका.

2. तारीख, ठिकाण, पलटण व हकीकत वेगळ्या कागदावर त्याच दिवशी लिहा.

3. सहीचा कागद उन्हापासून, ओलीपासून, वाळवीपासून जपा. लॅमिनेशन करू नका.

त्या सभासदाने फोटो आता सावलीत हलवला आहे. वडिलांच्या पलटणीतले एक सोबती शेजारच्या गावी आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन तो जाणार आहे. तुमच्याही घरी असे काही असेल, तर सांगणारा आहे तोवर लिहून घ्या.