आषाढात फुगणारं लाकूड

जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुनं सागवान येतं ते पाडलेल्या बंगल्यांतून आणि चाळींतून. कपाटं, पलंग, दारं, गोल टेबलं. गिऱ्हाईक कोरीवकाम पाहतं, पितळी कडी वाजवून बघतं. मी म्हणेन, दिलेदार, म्हणजे चौकटीत फळ्या बसवलेल्या, दाराच्या मधल्या फळीवर तळहात ठेवून हलकं दाबा. चांगल्या कामात ती चौकटीच्या आत किंचित सरकते. हे सैल बसवणं कारागिराने मोजूनमापून केलेलं असतं, आणि मुंबईच्या हवेत एवढी वर्षं फळी न तडकता राहिली ती त्यामुळेच.

झाड तोडून लाकूड वाळवलं तरी हवेशी त्याची देवघेव चालूच राहते. दमट हवेत ते ओलावा घेऊन फुगतं, कोरड्या हवेत तो सोडून आकसतं. ही हालचाल सगळ्या दिशांनी सारखी नसते. लांबीत ती जवळजवळ शून्य, रुंदीत मात्र भरपूर. ओला साग पूर्ण सुकवला तर वाढीच्या वलयांना समांतर दिशेने तो पाच-साडेपाच टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साधारण अडीच टक्के. सागाची कीर्ती आहे ती याही कारणाने, कारण पुष्कळ लाकडं याहून बरीच जास्त आकसतात.

आता मुंबईचा हिशेब. हिवाळ्यात इथल्या हवेत ठेवलेलं लाकूड साधारण १० ते ११ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं; जुलै-ऑगस्टच्या हवेत ते १६-१७ टक्क्यांकडे जातं. तेवढा ओलावा पूर्ण मुरला, तर ९०० मिलिमीटर रुंदीचं सागवानी टेबल जवळपास एक सेंटिमीटर रुंदावेल. फळ्या वलयांना काटकोनात चिरलेल्या असतील तर निम्म्याहून कमी. पॉलिशने हे सगळं मंदावतं, थांबत नाही. इमारती लाकडात किती ओलावा चालेल हे सांगणारं भारतीय मानक, आयएस २८७, हवेच्या सरासरी आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडतं. मुंबई सर्वांत दमट विभागात येते.

फुगणाऱ्या लाकडाला अडवता येत नाही. जोर लावून अडवलं तर ते स्वतः फाटतं, नाहीतर चौकट उसवतं. म्हणून जुन्या सुतारांनी त्याला जागा दिली. रुंद फळी चौकटीच्या खाचेत कोरडी बसवायची, सरस लावायचा नाही. फार तर वर-खाली मधोमध एकेक खुंटी, म्हणजे फळी दोन्ही बाजूंना सारखी वाढेल. टेबलाचा पृष्ठभाग खालच्या चौकटीला लाकडी गुटक्यांनी धरायचा. गुटक्याची जीभ चौकटीच्या खाचेत अडकते, त्यामुळे पृष्ठभाग वर उचलला जात नाही आणि आडवा मात्र सरकू शकतो. टोकाला आडवी पट्टी लावायची असेल तर ती मध्यभागी पक्की, कडेच्या खुंट्यांची भोकं लांबट. सगळ्यात हुशारीची गोष्ट मला वाटते ती फळी बसवण्याआधीच तिच्या कडांना पॉलिश करण्याची. नाहीतर थंडीत फळी आकसली की चौकटीलगत कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते.

पण मुंबईच्या उपनगरात खरा प्रश्न फर्निचर कोणत्या महिन्यात बनवलं याचा आहे. डिसेंबरात बोरिवलीत बनवलेल्या कपाटाची फळी तेव्हा सर्वांत अरुंद असते. खाचेत तिला फुगायला जागा ठेवावी लागते. ऑगस्टात मुलुंडला बनवलेलं कपाट घट्ट बसवलं तरी चालतं, कारण पुढे ते आकसणारच आहे; तिथे काळजी घ्यायची ती फळी खाचेतून निसटू नये याची. दार जुलैत चौकटीला घासायला लागलं की लोक लगेच सुताराला बोलावतात. आषाढात रंधा मारला की पौषात फट दिसते. कडी लागत नसेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबावं.

ही विद्या मागे पडली ती प्लायवूडमुळे. एकमेकांना आडव्या चिकटवलेल्या पातळ थरांमुळे प्लायवूड रुंदीत फारसं हलतच नाही. त्यात सिंथेटिक गोंद आला. ज्या पिडिलाइटचं मुख्यालय आज अंधेरी पूर्वेला आहे, तिचं फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आलं आणि जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून उकळून करायचा सरस हळूहळू गेला. नवा गोंद इतका मजबूत की सांधा सुटत नाही. सबंध लाकडाची रुंद फळी चौकटीला त्याने चिकटवली की तडा सांध्याऐवजी फळीच्या मधोमध जातो. दोष गोंदाचा नव्हे. प्लायवूडची सवय सागवानावर चालवली, एवढंच.

सबंध लाकूड तरी पूर्वीसारखं कुठे मिळतं? १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या काळापासून मुंबईत बर्मा सागाचा दबदबा. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. जुन्या दारांना भाव आहे तो यामुळेही. मात्र जुनं झालं म्हणून लाकूड हलायचं थांबतं, हा समज काढून टाकावा. आजोबांच्या कपाटाची फळीही पावसाळ्यात फुगते.

नव्या फर्निचरची अडचण उलट्या बाजूने येते. जोधपूरकडे कोरड्या हवेत बनलेली शिसवी आणि आंब्याची टेबलं घाटकोपर-अंधेरीच्या घरांत येतात आणि पहिल्याच पावसात रुंदावतात. दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत पावसाळ्यात बनवलेला सागवानी पलंग नेला, तर तो आकसून सांध्यांत भेगा दाखवतो. म्हणून जोधपूरकडचं टेबल घरी आलं की आधी उलटं करून पाहा. पृष्ठभाग खालून गोल भोकांतून स्क्रूने आवळलेला असेल, तर सुताराकडून चौकटीतली ती भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करून घ्या आणि स्क्रूखाली वॉशर घाला. वरची बाजू पॉलिश केलेली आणि खालची कोरी असेल, तर खालीही हात मारून घ्या. एकाच बाजूने ओलावा शिरला की फळी वाकते. ही कामं मे महिन्यात करावीत, पाऊस सुरू होण्याआधी.