जुन्या बाजारातले खट्याळ सूर

१९६०च्या सुमारास लंडनच्या जुन्या बाजारांत लाखेच्या तबकड्यांचे ढीग लागलेले असत. घरोघरी जास्त वेळ वाजणाऱ्या एलपी तबकड्या आल्या होत्या, त्यामुळे आजोबांच्या काळातल्या या जड, ठिसूळ, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लोकांनी मोडीत काढल्या होत्या. त्यांत १९२० आणि ३०च्या दशकांतली विनोदी गाणी भरलेली असत. सगळे प्राणी मजेत नांदतात असं एक शेत, बोलपटांना आवाज पुरवणारा भाऊ, हिंदुस्थानात वाघाच्या शिकारीला निघालेले साहेबलोक, असे त्यांचे विषय. आर्ट स्कूलमधली काही मुलं हे ढीग उपसायची, चार पैसे टाकून तबकड्या घरी न्यायची आणि त्यातली आवडलेली गाणी स्वतः वाजवायला बसायची. या छंदातून बोंझो डॉग डू-डा बँड उभा राहिला. साठच्या दशकातल्या ब्रिटिश संगीतावर लिहिणारे बीटल्स, रोलिंग स्टोन्स, पिंक फ्लॉइड यांच्यावर पानंच्या पानं भरतात आणि बोंझोंना तळटीपेत बसवतात. माझ्या मते त्या काळातल्या ब्रिटिश खट्याळपणाचं मर्म कळायला हाच बँड आधी ऐकायला हवा.

सप्टेंबर १९६२मध्ये अमेरिकेत सनी लिस्टन आणि फ्लॉइड पॅटरसन यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. तिचं रेडिओवरचं वर्णन रात्री जागून ऐकायला रॉडनी स्लेटरच्या दक्षिण लंडनमधल्या खोलीवर मित्रमंडळी जमली होती. त्या रात्री स्लेटर आणि व्हिव्हियन स्टॅनशॉल यांची गट्टी जमली. स्लेटर सॅक्सोफोन वाजवायचा. स्टॅनशॉल सेंट्रल स्कूल ऑफ आर्टचा विद्यार्थी होता आणि शिक्षणाच्या पैशांसाठी वर्षभर व्यापारी जहाजावर राबून आला होता. दोघांनाही दादा या, तर्काची टर उडवणाऱ्या कलाचळवळीचं वेड. दादावाले करायचे तसे कागदाच्या चिठ्ठ्यांवर शब्द लिहून, त्या उलटसुलट जोडून दोघांनी नाव काढलं : बोंझो डॉग दादा बँड. बोंझो हा जॉर्ज स्टडी या चित्रकाराचा १९२०च्या दशकातला लाडका व्यंगचित्र-कुत्रा. पुढे ‘दादा’ म्हणजे काय हे प्रत्येकाला समजावून सांगायचा कंटाळा आला आणि त्याचं ‘डू-डा’ झालं.

माणसं एकेक करून येत गेली. गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये चित्रकला शिकणारा नील इन्स पियानोवर बसला. बँडमध्ये रीतसर संगीत येणारा जवळजवळ तोच एकटा, आणि चाली रचण्याचा त्याचा हात फार गोड. ‘लेग्ज’ लॅरी स्मिथ ड्रम वाजवायचा आणि मध्येच उठून टॅप डान्स करायचा. सॅम स्पून्स चमचे वाजवायचा. रॉजर रस्किन स्पिअर हा नामवंत चित्रकार रस्किन स्पिअर यांचा मुलगा. तो भंगारातून यंत्रमानव बनवून रंगमंचावर आणायचा, आणि त्यातला एखादा ठरल्याप्रमाणे किंवा ठरवलेलं नसतानाही धडाम करून फुटायचा. दुकानातल्या पुतळ्याच्या तुटक्या पायात त्याने थेरमिन बसवलं होतं. थेरमिन म्हणजे हात न लावता, नुसत्या हाताच्या अंतराने वाजणारं विजेचं वाद्य. त्या पायाजवळ हात नेला की पाय विव्हळायचा.

हे सगळं ब्रिटनमध्येच का पिकलं, याची कारणं जमिनीवरची आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आर्ट स्कूलचं जाळं पसरलं. परीक्षेत यथातथा पण चित्र काढणारी, चौकटीत न बसणारी मुलं तिथे सामावली गेली आणि सरकारी अनुदानामुळे त्यांना काही वर्षं निवांत मिळाली. लिव्हरपूलच्या आर्ट कॉलेजात बीटल्सचा जॉन लेनन होता, हॉर्न्सीला किंक्सचा रे डेव्हिस, ईलिंगला द हूचा पीट टाउनशेंड, कॅम्बरवेलला पिंक फ्लॉइडचा सिड बॅरेट. दुसरं कारण सक्तीच्या लष्करी भरतीचं. १९६०च्या अखेरीस ब्रिटनमध्ये ही भरती थांबली. ज्या वयात थोरल्या भावांनी बुटांना पॉलिश करून सलाम ठोकले, त्या वयात ही पोरं मोकळी सुटली. १९६६-६७मध्ये पोर्टोबेलो रोडवरच्या ‘आय वॉज लॉर्ड किचनर्स व्हॅलेट’ नावाच्या दुकानात राणी व्हिक्टोरियाच्या काळातले लष्करी कोट विकायला आले आणि गवयांनी ते हौसेने अंगावर चढवले. साम्राज्य ओसरलं होतं, त्याचे गणवेश नाचायच्या कामी आले. अमेरिकेतल्या त्यांच्या वयाच्या मुलांच्या डोक्यावर तेव्हा व्हिएतनामची टांगती तलवार होती. तिथल्या सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांसारख्या संगीतात त्या भीतीचा आणि संतापाचा अंश उतरला, तसा ब्रिटिश संगीतात फारसा उतरला नाही.

तिसरं कारण रेडिओ, आणि इथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. बीबीसीवर १९५१ ते १९६० या काळात ‘द गून शो’ चालायचा. तर्काला पार गुंडाळून ठेवणारा, आवाजांच्या कसरतींवर उभा असलेला हा कार्यक्रम ऐकत लेननपासून स्टॅनशॉलपर्यंतची अख्खी पिढी वाढली. त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १९१८ साली आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जन्मला. वडील ब्रिटिश फौजेत तोफखान्यात होते आणि छावणीच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत हौसेने गाणी-नकला करायचे. स्पाइकचं सुरुवातीचं शिक्षण पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी शाळेत झालं. कंटोनमेंटमधली ती संचलनं, मेसमधले कर्नल, रुबाब आणि रिकामपण त्याने डोळे भरून पाहिलं, आणि पुढे गून शोमधल्या फुशारक्या मारणाऱ्या, ऐनवेळी कच खाणाऱ्या मेजर ब्लडनॉकसारख्या पात्रांत ते सगळं उतरलं. मिलिगनच्या आणि त्याचा जोडीदार पीटर सेलर्स याच्या विनोदी तबकड्या पार्लोफोन कंपनीत ध्वनिमुद्रित करणारा निर्माता होता जॉर्ज मार्टिन. दाराचा करकर आवाज, पाण्याचे बुडबुडे, उलटी फिरवलेली टेप, या सगळ्या करामतींत त्याचा हात बसला तो या तबकड्यांवर. १९६२मध्ये बीटल्स त्याच्याकडे आले, तेव्हा गून शोच्या माणसांबरोबर काम केलेला निर्माता म्हणून त्यांना त्याचं कोण अप्रूप वाटलं.

म्हणून १९६७मध्ये ब्रिटिश पॉप संगीत सायकेडेलिक झालं तेव्हा ते अंतराळात जाण्याआधी आजीच्या माळ्यावर गेलं. पिंक फ्लॉइडच्या पहिल्या अल्बमचं नाव ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ हे केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ या १९०८च्या बालकादंबरीतल्या एका प्रकरणाचं. त्यांचं पहिलं गाणं ‘आर्नल्ड लेन’ दोरीवर वाळत घातलेले बायकांचे कपडे चोरणाऱ्या माणसाचं. लेननने केंटमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात १८४३ची सर्कशीची जाहिरात विकत घेतली आणि तिच्यावरून ‘सार्जंट पेपर’मधलं मिस्टर काइटचं गाणं लिहिलं. त्याला जत्रेचा वास हवा होता. मार्टिनने वाफेवर चालणाऱ्या ऑर्गनच्या ध्वनिफिती मागवल्या, त्यांचे कात्रीने तुकडे करायला लावले, हवेत उधळायला सांगितले आणि जसे हाताला लागतील तसे चिकटवले. स्मॉल फेसेसने १९६८मध्ये गोल तंबाखूच्या डबीसारखा अल्बम काढला आणि त्यातली परीकथा सांगायला स्टॅन्ली अनविन या वयस्क नकलाकाराला बोलावलं. अनविन इंग्रजी शब्द अशा रीतीने पिळायचा, की अर्थ हातातून निसटतो, पण गोष्ट कळते.

बोंझोंनी हेच उद्योग पाच वर्षं आधीपासून, पबच्या मागच्या खोल्यांत चालवले होते. सुरुवातीला ते जुनीच गाणी वाजवायचे. रंगमंचावर व्यंगचित्रांतल्यासारखे पुठ्ठ्याचे संवादफुगे डोक्याशी धरायचे, म्हणजे एखादा तल्लीन होऊन सोलो वाजवत असला की शेजारचा त्याच्या डोक्यावर फुगा धरून त्याची टोपी उडवणार. मग १९६६मध्ये ‘विंचेस्टर कॅथीड्रल’ हे जुन्या ढंगाचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते स्टुडिओतल्या भाडोत्री वादकांनी वाजवलेलं. दौऱ्यांसाठी ‘न्यू व्हॉडव्हिल बँड’ नावाने खरा बँड उभा करायची वेळ आली, तेव्हा बोंझोंचा कॉर्नेटवादक बॉब कर तिकडे गेला आणि रंगमंचावरचा थाटही बोंझोंसारखाच दिसू लागला. बोंझोंना ते लागलं. पण त्या धक्क्याने ते स्वतःची गाणी लिहू लागले, रॉककडे वळले, आणि बँडचं खरं तेज तिथून दिसतं.

ऑक्टोबर १९६७च्या ‘गोरिला’ अल्बममधलं ‘द इंट्रो अँड द आउट्रो’ नीट कान देऊन ऐकावं. खाली ड्यूक एलिंग्टनच्या धाटणीची साधी, डुलणारी लय चालू आहे. स्टॅनशॉल सूत्रसंचालकाच्या मखमली आवाजात वादकांची ओळख करून देतो. आधी बँडचे खरेखुरे सदस्य येतात. मग काउबॉय नट जॉन वेन झायलोफोनवर, पंतप्रधान हॅरल्ड विल्सन व्हायोलिनवर, फ्रान्सचे जनरल द गॉल ॲकॉर्डियनवर. व्हायब्राफोनवर निवांतपणे हिटलर. पाणपक्ष्यांचे अभ्यासक पीटर स्कॉट बदकाची शिट्टी फुंकतात, आणि अख्ख्या काउंट बेसी ऑर्केस्ट्राच्या वाट्याला येतो एक ट्रँगल. बहुतेक नावांमागे ते वाद्य खरोखर वाजतं आणि शेवटपर्यंत लय तसूभर ढळत नाही. ओळख संपता संपता गाणंही विरून जातं. ज्या गाण्यासाठी ही मंडळी जमली ते सुरूच होत नाही. तीन मिनिटांच्या या विनोदामागे वेळेचं जे भान आहे ते कसलेल्या तबलजीला शोभेल असं आहे. सहा वर्षांनी माइक ओल्डफिल्डने ‘ट्यूब्युलर बेल्स’च्या पहिल्या बाजूच्या शेवटी वाद्यांची नावं एकामागून एक पुकारायला स्टॅनशॉललाच बोलावलं, ते याच गाण्यामुळे.

२६ डिसेंबर १९६७ला बीबीसीवर बीटल्सचा ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ हा चित्रपट दाखवला गेला. त्यात सोहोतल्या एका क्लबात बोंझो ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’ गाताना दिसतात. तीस वर्षांनी अमेरिकेतल्या एका बँडने हेच नाव घेतलं. त्याच नाताळात आयटीव्हीवर ‘डू नॉट ॲडजस्ट युवर सेट’ ही मुलांची मालिका सुरू झाली आणि बोंझो तिचा कायमचा बँड झाले. त्यात एरिक आयडल, टेरी जोन्स आणि मायकल पेलिन विनोदी प्रवेश लिहायचे-करायचे. १९६९मध्ये याच तिघांसह ‘माँटी पायथन’ची मंडळी जमली. पुढे नील इन्स त्यांच्याबरोबर राहिला, ‘होली ग्रेल’ची गाणी त्याने रचली, आणि आयडलबरोबर बीटल्सची लाघवी नक्कल करणारे ‘द रटल्स’ उभे केले.

कळस गाठला तो १९६८मध्ये. इन्सने लिहिलेल्या ‘आय ॲम द अर्बन स्पेसमन’ची निर्मिती पॉल मॅकार्टनीने केली. स्टुडिओत स्टॅनशॉलला बागेत पाणी घालायच्या रबरी नळीला नरसाळं लावून ती डोक्याभोवती गरगर फिरवत वाजवायची होती. हे ध्वनिमुद्रित होणार नाही, असं तंत्रज्ञाचं म्हणणं. इन्स सांगायचा की मॅकार्टनीने खोलीच्या चारही कोपऱ्यांत एकेक मायक्रोफोन लावायला सांगितलं आणि प्रश्न मिटला. तबकडीवर निर्मात्याचं नाव छापलं अपोलो सी. व्हर्मुथ; मॅकार्टनीच्या नावावर गाणं खपवायचं नव्हतं. ते ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. एवढं यश त्यांना पुन्हा कधी मिळालं नाही.

त्यांचे अल्बम सरसकट चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. निम्मा खेळ डोळ्यांनी बघायचा होता, तो तबकडीवर उतरत नाही. तरी त्यांच्या थट्टेत ज्याची थट्टा करायची त्याच्याविषयी पक्की माहिती आणि माया असते. ‘जॅझ, डिलिशस हॉट, डिसगस्टिंग कोल्ड’मध्ये त्यांनी हौशी जॅझ बँडचं वाजवणं मुद्दाम बिघडवलं आहे, असं नेमकं बिघडवायला ते संगीत मुरलेलं असावं लागतं. ‘कॅन ब्लू मेन सिंग द व्हाइट्स’मध्ये ब्लूज गाणाऱ्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या पोरांना त्यांनी सणसणीत चिमटा काढला, आणि तेव्हा लंडनमध्ये ब्लूजची लाट ऐन भरात होती.

अमेरिकेचे दौरे, दगदग, पैशाची ओढाताण यांत १९७०च्या सुरुवातीला बँड मोडला. स्टॅनशॉल त्यानंतर मद्य आणि शामक गोळ्यांच्या विळख्यात सापडला. त्यातूनही त्याने ‘सर हेन्री ॲट रॉलिन्सन एंड’ रचलं. एका पडक्या वाड्यातल्या विक्षिप्त उमरावाची ही श्रुतिका १९७८मध्ये तबकडीवर आली, १९८०मध्ये ट्रेव्हर हॉवर्डला घेऊन तिचा चित्रपट झाला. पुण्या-नगरच्या छावणीत मिलिगनने पाहिलेल्या साहेबांचाच सर हेन्री हा जवळचा नातलग वाटतो. मार्च १९९५मध्ये उत्तर लंडनमधल्या राहत्या घराला आग लागून स्टॅनशॉल गेला, अवघ्या ५१ वर्षांचा असताना. २००६मध्ये उरलेले बोंझो लंडनच्या अस्टोरियात पुन्हा एकत्र आले तेव्हा त्याची जागा भरायला स्टीफन फ्राय, एड्रियन एडमंडसन, फिल जुपिटस आणि पॉल मर्टन अशी चार माणसं लागली. नील इन्स २०१९च्या डिसेंबरात गेला.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी ‘गोरिला’ने सुरुवात करावी, मग ‘द डोनट इन ग्रॅनीज ग्रीनहाउस’ लावावा. त्यात पँटला घडी घालायच्या यंत्रावर वाजवलेलं सोलो आहे. वाघाच्या शिकारीचं गाणं ‘टॅडपोल्स’मध्ये सापडेल, आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलेला साहेब तिकडच्या लोकांना कसा दिसायचा हे त्यातून कळतं. ‘कीन्शम’ मात्र शेवटी घ्यावा. रेडिओ लक्झेंबर्गवर फुटबॉलच्या सट्ट्याची हमखास युक्ती विकणारा होरेस बॅचलर नावाचा गृहस्थ आपल्या पत्त्यातल्या कीन्शम गावाच्या नावाचं एकेक अक्षर सुटं करून सांगायचा, तेच नाव त्यांनी अल्बमला दिलं. हा त्यांचा सर्वांत गंभीर आणि सर्वांत विचित्र अल्बम आहे, आणि पहिले तीन कानांत मुरल्यावर तो फार जवळचा वाटतो.