चेतापेशींचे इनोलेज : एका आकड्याचे मोल

अतिदक्षता विभागातील रुग्णाचे नातेवाईक रक्ताचा अहवाल घेऊन आम्हां वैद्यांकडे येतात व ‘मेंदू वाचेल ना?’ असे विचारतात. त्या अहवालात कधी ‘एनएसई’, म्हणजे चेतापेशींतील इनोलेज, नोंदलेले असते.

इनोलेज हे विकर (एन्झाइम) पेशींत ग्लुकोजच्या विघटनाची नववी पायरी पार पाडते. त्याच्या तीन रूपांपैकी अल्फा बहुतेक ऊतींत, बीटा स्नायूंत, तर गॅमा मुख्यत्वे चेतापेशींत आढळते. चेतापेशी नष्ट झाल्या की ते रक्तात उतरते.

बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू होऊनही रुग्ण बेशुद्धच असेल, तर ४८ किंवा ७२ तासांनी दर लिटरला ६० मायक्रोग्रॅमहून अधिक प्रमाण अरिष्टसूचक ठरते, असे २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र अन्य चिन्हाची जोड असेल तरच. कारण तांबड्या रक्तपेशींतही हे विकर असते. नमुना घेताना त्या फुटल्या, तर आकडा वृथा चढतो. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगातही तो वाढतो.

उलटपक्षी, रक्तात आलेले हे विकर सुमारे एका दिवसात निम्मे होते. तेव्हा उतरलेला आकडा दाखवून मेध्य रसायनाचा गुण आला, असे सांगणे शास्त्रास धरून नाही. साध्यासाध्यता आम्ही एका लक्षणावरून ठरवीत नाही. तोच नियम या आकड्यालाही लागू करावा.